थर सरकत नसतो

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले एकदाची. बारामतीहून जीपने शेळगाव, तिथून डाळिंबाच्या बागांतून दोन किलोमीटर आत. हवा सुरेख. रंगूबाईंच्या मळ्यात खोली मिळाली, पत्र्याची, पण झाडूनपुसून ठेवलेली. मन प्रसन्न आहे.

काम सोपं. नऊशे मीटरचा बोअर घेतलाय; काळ्या दगडाखाली तेल-वायू असेल का, ते बघायचं. केबलला बांधलेला प्रोब खाली सोडायचा. तो दगडात वीज सोडतो आणि दगड ती किती अडवतो, याचा आकडा वर माझ्या गाडीतल्या यंत्रावर पाठवतो. कोरडा दगड भरपूर अडवतो, खारं पाणी जवळजवळ काहीच नाही. केबल सोडणाऱ्या विंचवरच्या भानुदासला एवढंही कळत नाही. वीस वर्षं बोअरवर आहे म्हणे. विहिरीत जन्म काढला म्हणून बेडकाला पाणीपुरवठा खातं चालवता येत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पहिली फेरी. भानुदास विंचवरून सावकाश माप सांगत होता. आकडे हजाराच्या आसपास, पुस्तकात असतात तसे. चारशे बारा मीटरवर एकदम १.६. सहा मीटर जाडीचा पट्टा, त्याखाली पुन्हा हजार. खारं पाणी, अशी नोंद केली.

प्रोब वर आला तो कोमट. भानुदासने पुसतापुसता हात मागे घेतला. खोल गेलं की उष्णता वाढते, हे शाळेच्या भूगोलात असतं, असं मी त्याला सांगितलं. आपली शाळा चौथीतच सुटली, म्हणाला. दिसतंच आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पट्टा आज तीनशे चाळीसवर. भानुदासने केबलचं माप चुकवलं असणार. चारचौघांत झापलं त्याला. त्याने दुपारभर मळ्याच्या रस्त्यावर अख्खी केबल अंथरून टेपने मोजली आणि मला येऊन सांगितलं, "मॅडम, माप बरुबर हाय."

प्रोब मी मिठाच्या पाण्यात तपासला. तोही बरोबर. पण थर सरकत नसतो. कुणीतरी चुकतंय, आणि ती मी नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दोनशे पाच.

सकाळी रंगूबाई तांब्या घेऊन दारात. त्यांच्या बोअरला खारट, कोमट पाणी यायला लागलंय. म्हैस तोंड लावत नाही. म्हणाल्या, "भोक बुजवा बाई. खाली जे हाय, ते तुमच्या केबलीनं वर येतंय." मी हसले. पुण्याच्या साहेबांना फोन केला; ते यंत्र बदला म्हणाले. या गृहस्थांनी बढती मिळाल्यापासून बोअर पाहिलेला नाही.

सहज म्हणून प्रोबचं टोक दोन्ही तळहातांत घट्ट धरलं. माझ्या अंगाचा आकडाही १.६.

योगायोग.

सोमवार, १० फेब्रुवारी

काल सुट्टी. आज नव्वदवर. भानुदासने प्रोब पुन्हा सोडायला नकार दिला. "मी केबल सोडत न्हाय मॅडम. ती वढली जातीय." एवढी भीती वाटत असेल तर घरी बसून भाकऱ्या थापा, असं म्हटलं मी त्याला. माणसं हसली. त्याने हातमोजे घातले.

प्रोब साठवर थांबवून ठेवायला सांगितला. पट्टा खरंच वर येत असेल, तर स्वतःहून त्याच्यापाशी येईल. तीन वाजता आकडा हजार होता. तीन-दहाला १.६.

गाडीतून उतरले. विंच चालू. माणूस नाही. केबलवर फक्त त्याचे हातमोजे, मुठी आवळलेले. आतून गरम.

बोअरचं तोंड आठ इंच आहे. आठ इंचांत माणूस जात नाही. मी मोजलं. दोनदा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पोलीस म्हणतात, दारू पिऊन गेला असेल कुठेतरी. भानुदास पीत नव्हते. हे मला आज कळलं, मालनबाईंकडून, त्यांच्या बायकोकडून. त्या सकाळपासून बोअरपाशी बसून आहेत. ते आतून हाक मारतायत, म्हणतात. अडाणी बाई—

उठवायला गेले. वाकले.

"मॅडम, माप बरुबर हाय."

खालून.

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रोब अजून आत. पट्टा त्याला ओलांडून वर गेलाय. आता प्रोब हजार दाखवतो.

मालनबाईंना हाताला धरून रंगूबाईंकडे नेलं. भानुदासना मीच केबलवर पाठवलं, असं सांगणार होते. नीट सांगता आलं नाही. मालनबाई म्हणाल्या, मला ठावं हाय.

बोअरच्या तोंडावर पत्रा वेल्ड करायला माणूस बोलावला. पत्र्याला हात लावून पाहिला आणि निघून गेला. मी त्याला भित्रा म्हटलं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी, दुपार

प्रोब बाहेर काढला. एकटीने. स्टँडवर ठेवलाय, उन्हात, कोरडा. हवेत आकडा लागतच नाही, हे कुठल्याही मूर्खाला—

१.६.

गाडीत आणला. दार लावलं. १.६.

पायाखालचा पत्रा गरम आहे. ऊन आहे म्हणून. ऊन वरून असतं—

गाडीखालून भानुदास माप सांगतायत. सावकाश, नेहमीसारखं. तीन, मॅडम. दोन. एक.

शून्य म्हणजे जमीन. म्हणजे मी जिथे बस—