ताईच्या वाटणीची पानं

ताई,

लांबूनच नमस्कार आणि एक टपली.

मी मजेत आहे. सुट्ट्यांमुळे गोदामात पुस्तकांचे नुसते डोंगर आहेत. काल टेपच्या मशीनवरून दोघं पॅकर असे भिडले, की एकाचा दात लहान मुलांच्या गोष्टींच्या खोक्यात पडला. सुपरवायझर म्हणाला, "दात काढा आणि खोकं पाठवा." सोडवायला गेलो तर माझाही ओठ फुटला. आईला सांगू नकोस.

बाबांनी यंदाही खुनाची कादंबरी सुरीने चिरून सगळ्यांना वाटली म्हणे. सुट्टीत एकाच पुस्तकावर सगळ्यांची झडप, दुसरा इलाज तरी काय? पण दिवाणजीचा गळा कुणी आवळला ते तुझ्या पानांत आहे, आणि ती तुझ्याकडून हरवली म्हणून बाबा धुसफुसत होते.

तू कधी साधं बिल हरवत नाहीस. म्हणून मी छकुलीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "मामा, पाहुणे जेवायचे होते आणि आई वाचत होती. पप्पांनी पानं गॅसवर धरली. आई ओढायला गेली, तर तिचा हातपण तिथेच धरून ठेवला."

भाऊजी, इथून पुढचं तुमच्यासाठी. तिची पत्रं आधी तुम्हीच फोडता, हे आम्हाला माहीत आहे. बाबांना मी सगळं सांगितलंय. हे पत्र पोचायच्या आत ते दोघींना घेऊन गेलेले असतील. त्यांच्या मागे जाऊ नका. आमचा थोरला दादा आता बाबांकडेच राहणार आहे, आणि तो माझ्यासारखा पत्रं लिहीत बसत नाही.

तुमचा मेहुणा