निळ्या द्राक्षांचे नऊ कंद

मंगळवार, दिनांक ९ नोव्हेंबर १९५४, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. भिंतीलगतच्या वाफ्यावर पेंढ्याचा आणखी एक थर पसरून, हात दोनदा धुऊन, मी हे लिहायला बसलो आहे.

मी, लेंडर्ट फान डेर प्लास, वय चोवीस, राहणार लिसे, धंदा फुलांचे कंद पिकवणे. परवा लायडनच्या इस्पितळात माझ्या हर्नियाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "अहो, किरकोळ गोष्ट आहे." किरकोळ गोष्टीसाठी माणसाला बेशुद्ध का करतात, ते त्यांनी सांगितले नाही. म्हणून पूर्ण शुद्धीवर आहे तोवरच, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, मी माझ्या मागची व्यवस्था लावून ठेवत आहे.

एक. घरातला माझा हिस्सा, पोस्टातली शिल्लक आणि सायकल ग्रीत मावशीला द्यावी. वडील गेल्यापासून ती माझ्यासाठी रांधते आहे. सायकलची घंटा वाजत नाही, हे तिला आधी सांगावे.

दोन. वडिलांची वही थोरला भाऊ आरी याला द्यावी. वडिलांनी जाताना कंद साफ करायची सुरी आरीला दिली आणि वही मला. म्हणाले, "आरीचा हात चांगला, लेंडर्टचं अक्षर चांगलं." युद्धातल्या शेवटच्या, भुकेच्या हिवाळ्यात शाळा बंद पडली ती माझ्यापुरती कायमची, तरी माझ्या लिहिण्यात चूक सापडणार नाही. पण अक्षराने कंद वाढत नाहीत. त्या सुरीकडे मी सहा वर्षे बघतो आहे. आता वहीही त्यानेच घ्यावी.

तीन. हे कलम लांबेल.

निळी द्राक्षे म्हणजे खायची नव्हेत, द्राक्षाच्या घडासारखी दिसणारी कंदाची फुले; आमच्याकडे ती कोणी हौसेने लावत नाही. त्यांची पाने शरदातच वर येतात, म्हणून ट्यूलिपचे वाफे कुठे संपतात ते कळावे एवढ्यासाठी ती कोपऱ्यांवर खोचतात. मी मात्र त्यांचे बी पेरले. बियापासून फूल यायला चार वर्षे लागतात, तेवढी मी थांबलो. जाणते लोक फुले सुकताच त्यांचे तुरे छाटतात, नाहीतर बी सगळीकडे पसरते. पेरायला भरपूर बी मिळावे म्हणून मी अधाशीपणाने कोपऱ्यावरच्या जुन्या झाडांचे तुरे ठेवले. त्यातले काही बी तेव्हाच चराच्या पलीकडे आरीच्या वाफ्यात गेले.

गेल्या वर्षी माझ्याकडे फुलली ती नेहमीचीच गडद निळी. यंदा एप्रिलमध्ये आरीच्या कोपऱ्यावर मात्र आभाळी रंगाचा, पांढऱ्या काठाचा एक झुबका आला. आरीला तो दिसलाही नव्हता. मीच ओरडलो. प्रदर्शनात त्याला प्रशस्तिपत्र मिळाले. आमच्यात रीत अशी, की ज्याच्या वाफ्यात उगवले, त्याचे. बी माझे होते म्हणून काही होत नाही.

जुलैमध्ये तो झुबका खणला तेव्हा नऊ कंद निघाले. आरीने ते पाटीत वाळत टाकले. सुकलेले कंद सगळे सारखेच दिसतात. मी माझे नऊ साधे कंद त्या पाटीत ठेवले आणि त्याचे नऊ मोज्यात घालून आणले. ते माझ्या भिंतीलगत आहेत. एप्रिल येईपर्यंत कोणाला कळले नसते.

रविवारी आरी आला. वाफ्यापाशी उभा राहून म्हणाला, "काय लावलंयस रे?"

"साधीच द्राक्षं."

"साधी? आणि पेंढ्याची दुलई? अरे, ही फुलं बर्फातसुद्धा मरत नाहीत. आजीबाईसारखा काय जपतोयस!"

मी पायाने पेंढा सारखा केला. मग खिशातून कंदवाल्यांच्या संघाचा, नव्या फुलाच्या नोंदणीचा कोरा अर्ज काढून तो म्हणाला, "त्या फुलाचा अर्ज तूच भर बाबा. मी लिहिलं तर संघवाले हसतील."

"फुलाचं नाव काय घालू?"

"तुला सुचेल ते. चार वर्षं त्यांच्यापुढे उकिडवा कोण बसला होता, मी की तू?" आणि शीळ घालत गेला.

त्याला कळले आहे. पेंढा पाहताच कळले. तरी बोलला नाही. चांगला हात त्याचा, फूल त्याचे, आणि आता मोठे मनही त्याचेच. हे शेवटचे मला सर्वांत जास्त खुपते.

तरी, भिंतीपासून दीड हातावरचे ते नऊ कंद आरीचे आहेत, ते त्याने घेऊन जावे. मी जगलो तर स्वतः नेऊन देईन, आणि तेव्हा त्याने शीळ घालू नये.

भरलेला अर्ज वहीत आहे. फुलाचे नाव आणि पिकवणाऱ्याचे नाव, दोन्ही रकान्यांत 'आरी' असे लिहिले आहे.

ठिकाण लिसे, तारीख वरीलप्रमाणे. दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली: लेंडर्ट फान डेर प्लास.

साक्षीदार: यान स्खाउटेन, नाववाला. हेंड्रिक बाकर, शाळामास्तर (चुका शोधल्या, सापडल्या नाहीत).

खर्च: पेंढा, पस्तीस सेंट. आरीने दिलेला अर्ज खराब झाला म्हणून आणखी तीन आणले, तीस सेंट. एकूण पासष्ट सेंट. वाया गेलेल्या तिन्ही अर्जांवर फुलाचे नाव 'लेंडर्ट' पडले होते, चुकून नव्हे.

देणे: आरीला नऊ कंद. तोवर त्यांना पिल्ले फुटली तर तीही.