हैदरचा लाल शेला

२८ ऑगस्ट १९६४

अन्नपूर्णे, लिहायला फार उशीर झाला, बापाला माफ कर. बीबी गावाहून निघताना रोज लिहीन म्हणालो होतो. आठ दिवसांनी वही उघडतोय. तब्येत बरी आहे, पोटाची काळजी करू नको. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या रानात राहतो. नागपूरचे सर इथं फुलपाखरांचा अभ्यास करतात, त्यांच्या हाताखाली आहे. पगार नाही, पण भाकर आहे, मान आहे. फुलपाखरू कागदाच्या त्रिकोणी पुडीत ठेवायचं. वर तारीख आणि ते कशावर बसलं होतं ते लिहायचं. चौथीपर्यंतची शाळा कामाला आली.

२९ ऑगस्ट

फुलपाखरं धरायची जाळी मात्र हैदरकडे. जळगावचा शिंपी, माझ्याच वयाचा. जाळी त्यानं शिवली म्हणून काय झालं? आज त्यानं आपली बकरी खांद्यावरच्या लाल शेल्यानं झाडाला बांधली, तर तिच्या मानेवर काळी फुलपाखरं येऊन बसली. सर म्हणाले, ही जात मेलेल्या जनावरावर बसते, जिवंतावर पहिल्यांदाच पाहिली. शाबासकी हैदरला. मी पुडीवर लिहिलं, बकरी.

२ सप्टेंबर

सकाळी बकरी मेली. जखम नाही, काही नाही. हैदरनं शेला सोडून पुन्हा खांद्यावर टाकला.

३ सप्टेंबर

आज ती काळी पाखरं हैदरच्याच मानेवर. सर हसत होते, त्याचं नाव वहीत घेत होते. हैदर मला म्हणाला, तुळशीरामभाऊ, तुम्ही लई कुरकुर करता, म्हनून पाखरं तुमाले पाहून पळून राह्यली. मला भाकर गेली नाही.

७ सप्टेंबर

हैदर गेला. बसल्या जागी, जाळी मांडीवर. सरांनी त्याला घरी पोचवलं. शेला खुंटीवरच राहिला. वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. जाळी आता माझ्याकडे.

९ सप्टेंबर

शेला गळ्यात घातला. आली. अकरा. पाय गार लागतात त्यांचे. सरांनी पाठ थोपटली, म्हणाले, हैदरपेक्षा तुम्ही भारी. जन्मात एवढं बरं वाटलं नव्हतं.

१० सप्टेंबर

पुड्या लावताना माझंच अक्षर वाचलं. बकरी, तारीख एकोणतीस. हैदर, तीन. दोघंही चार दिवसांनी — आणि मी, नऊ. सरांना सांगितलं. ते म्हणाले, योगायोग.

१२ सप्टेंबर

शेला खुंटीला लावला की ती शेल्यावर जातात, मला सोडतात. जाळावा. पण मग ती येणारच नाहीत, आणि सर मला —

नवा माणूस आलाय, इंद्रभान. म्हणाला, बाबा, द्या ना तो शेला, मले थंडी वाजून राह्यली. हात मानेपर्यंत गेला. तेवढ्यात सर म्हणाले, इंद्रभानचा हात हलका आहे, उद्यापासून जाळी त्याला द्या.

नाही दिला.

१३ सप्टेंबर

मोजता येत नाहीत. ओठांवर, पापण्यांवर — सर बघतात, लिहितात. इंद्रभानवर एकही नाही. एकही —

अन्नपूर्णे, वही पोचली की लगेच निरोप धाड. पुडीवर माझंच नाव घातलं ना, एवढं सरांना विचार आणि मला लवकर —