पुसलेला फळा

चिमणे, तुला आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. बाबांचा खोकला थांबला का?

इथे शाळेत सफाईच्या कामावर गणिताचा वर्ग झाडताना फळ्यावर उलटसुलट अक्षरांची गिचमीड दिसली. कार्ट्यांचा चावटपणा समजून पुसून टाकली. ते स्पर्धेतलं गुप्त भाषेचं कोडं होतं, निम्मं सोडवलेलं! पोरं डोक्याला हात लावून बसली. एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, "असू द्या मावशी, परत करू." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

इकडे कामाला निघताना घर नीट दिसावं म्हणून तुझी भिंतीवरची कोडी मी अशीच पुसली. तूही ओरडली नाहीस, माझ्या रागाला भ्यालीस.

भिंत तुझी. पुन्हा लिही. मी आले की वाचून दाखव, कळलं नाही तरी ऐकेन.

तुझी तापट आई