माणच्या तळ्यातली मुशी

३ सप्टेंबर

आज रुजू झाले. दहिवडीहून वडापच्या जीपमध्ये पेंडीची पोती आणि मी शेजारी शेजारी बसून आलो. उपकेंद्र नवंकोरं आहे, भिंतींना अजून रंगाचा वास येतो. खिडकीतून थेट माळ दिसतो, टेकडीपर्यंत मोकळा. देवगडला आमच्या खिडकीतून समुद्र असाच दिसायचा. दुष्काळी भागात नर्स म्हणून जातेस, तोंडाची चव जाईल, असं आई म्हणत होती. मला तर आल्या आल्या गाव आवडलं.

खोली रंगुबाईंकडे मिळाली. त्या साठीच्या आहेत, धनगराघरच्या, बोलायला मोकळ्या. थोरला मुलगा अर्जुना मेंढरं राखतो, धाकटा अमृत मुंबईत माथाडी कामगार आहे. संध्याकाळी त्यांनी हुलग्याचं माडगं प्यायला दिलं आणि मी सगळं संपवते का ते समोर बसून पाहिलं. मी संपवलं.

७ सप्टेंबर

रविवार. गावामागे तळं आहे, पूर्वी ते मार्चमध्येच आटायचं. आता योजनेचं पाणी सोडतात म्हणून वर्षभर भरलेलं असतं. बाबांनी ट्रंकेत तंगूस आणि गऱ्या टाकल्या होत्या. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, आणि इथे गळ म्हणतात त्याला आमच्याकडे गरी म्हणतात. कणकेची गोळी लावून भरावाच्या दगडांवर बसले. तासाभरात चांगल्या तळहाताएवढ्या चिलाप्या मिळाल्या. अर्जुना मेंढरांना पाणी पाजायला आला होता. सिस्टर, तुमी मासं धरता व्हय, असं म्हणून लांब उभा राहून बघत होता. जाताना त्याला निम्म्या दिल्या.

फार दिवसांनी हाताला माशाचा वास आला. साबण लावला नाही.

१४ सप्टेंबर

कणकेऐवजी आज कोंबडीचं आतडं लावलं होतं. ओढ लागली तेव्हाच कळलं की ही चिलापी नाही. चिलापी टोचते. ही तोंडात धरून निघालीच. खेचून दगडांवर घेतली तर शेपटी आपटत फिरली. माझ्या हाताएवढी लांब, पाठ राखाडी, पोट पांढरं. गळ्याच्या दोन्ही बाजूंना पाच पाच चिरा. अंगावरून उलटा हात फिरवला तर तळवा खरवडला.

मुशी. पुस्तकात जिला शार्क म्हणतात ती. बाबांच्या होडीतून उतरलेल्या मुश्या बघत मी मोठी झाले, माझी चूक होणार नाही. पावसाळ्यात मुशी कधीतरी खाडीतून गोड्या पाण्यात वर चढते, तेही ठाऊक आहे. पण तो समुद्र आणि हे तळं यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे.

उलटी करून पाहिली. पुढच्या दोन परांच्या मधे बेंबीची खूण होती, लालसर, न मिटलेली. नाळा तर मी रोज बघते. ही इथेच जन्मली आहे, आणि जन्मून फार दिवस झालेले नाहीत.

१५ सप्टेंबर

लशींच्या फ्रीजमध्ये ठेवणं शक्य नव्हतं. उकाड्याने सकाळपर्यंत ती नासली, परड्यात पुरून टाकली. फोटो मात्र काढले होते. ओळखीतून मत्स्य खात्यातल्या एकांचा नंबर मिळाला, त्यांना पाठवले. त्यांनी उलट विचारलं की मॅडम, कोकणातला फोटो माणला कशाला पाठवता. खाली हसरं तोंड.

बाबांना फोन केला. ते हसले नाहीत. बेंबी मिटली होती का, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "चेडवा, आवय थंयच आसतली. पाण्यात पाय घालू नको."

पिलाची आई तिथेच असणार. मला ते कालच सुचलं होतं, पण मी लिहिलं नव्हतं.

१८ सप्टेंबर

पुरावा हवा म्हणून गेले. बाबांची सगळ्यांत मोठी गरी घेतली, कडब्याचे भारे बांधायची जाड दोरी घेतली आणि दुसरं टोक काठावरच्या बाभळीला बांधलं. अर्जुना सोबत होता.

झटका आलाच नाही. दोरी आपोआप ताणत गेली. मग ती पाणी कापत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकू लागली, अगदी सावकाश, कुणीतरी जनावर दाव्याला धरून फिरवावं तशी. बाभळीची पानं हलत होती. वारा नव्हता. मी वेड्यासारखी दोरीला हात घातला, तळव्यांची सालं निघाली. मग दोरी एकदम सैल पडली. गरी वर आली ती खिळ्यासारखी सरळ झालेली.

अर्जुना खूश होता. "आवं सिस्टर, कटला असंल. लय मोठा व्हतो, माणसाएवढा."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि कटल्याला काय लावायचं ते विचारलं.

१९ सप्टेंबर

तळ्यात कुणाला उतरू देऊ नका, असं सांगायला ग्रामपंचायतीत गेले. सगळे नीट बोलले, चहा दिला. चार वर्षांमागं त्या तळ्यातनं आमी चपला घालून चालत जायचो, असं एक जण म्हणाला. हातांना पट्ट्या बांधल्यात म्हणून पेन नीट धरता येत नाही.

रंगुबाईंनी सांगितलं, परवा मेंढरं धुवायची. दसऱ्याआधी लोकर कातरायची असते, आणि धुतल्याशिवाय चिखलाच्या लोकरीत कातर चालत नाही. कातरणारी माणसं सांगून ठेवलीत. कुठे धुणार, हे मी विचारलंच नाही. एवढं पाणी दुसरीकडे नाही.

२० सप्टेंबर

मेंढरं धुवायला म्हणून अमृत मुंबईहून आला. मी फोटो दाखवला. त्याने मोबाइल हातात घेतला आणि फोटो मोठा करून गळ्याच्या चिरा पाहिल्या. म्हणाला, "ही मोरी हाय. भाऊच्या धक्क्याला बघितलीया म्या."

मुंबईत मुशीलाच मोरी म्हणतात. इतक्या दिवसांत गावात पहिल्यांदा कुणीतरी खरं मानलं. मला रडू आलं.

तो आईशी बोलला, भावाशी बोलला. अर्जुना म्हणाला, मेंढरं दोन वर्षं तिथंच पितात, एक तरी गेलं का. शेवटी अमृतनेच तोड काढली. सगळ्यांनी उथळात धुवायचं, तो काठी घेऊन खोल बाजूला उभा राहील, पुढे कुणाला जाऊ देणार नाही. मी म्हणाले, कमरेच्या वर पाणी नको. व्हय म्हणाला.

२१ सप्टेंबर

लिहून ठेवते. नंतर जमणार नाही.

सगळी मेंढरं पाण्यात होती. आरडाओरडा, हसणं, बायका काठावर. अमृत सांगितल्याप्रमाणे उभा होता. पाठ आमच्याकडे, तोंड खोल पाण्याकडे, हातात काठी. कमरेएवढं पाणी. मी डोळे काढले नव्हते त्याच्यावरून. पाण्यावर काही दिसलं नाही. काहीच नाही. तो खाली बसल्यासारखा झाला. मग आडवा ओढला गेला, मेंढरांच्या मधून, आणि मेंढरं दोन्हीकडे फाकली.

अर्जुनाने त्याला हाताला धरून काढला. मांडीच राहिली नव्हती. मी मूठ आत घालून रक्तवाहिनी दाबून धरली. गाडी येईपर्यंत. दहिवडीपर्यंत. मूठ काढली नाही. गाडीत तो मला विचारत होता, बाकीची सगळी बाहेर आली का. मी आली म्हणाले.

तिथल्या डॉक्टरांनी माझी मूठ सोडवली. सिस्टर, आता सोडा, असं म्हणाले.

२३ सप्टेंबर

मगर म्हणतात. फलक लावला आहे, पाण्यात उतरू नये.

रंगुबाईंनी विचारलं, त्याला दुखलं का. फार नाही म्हणाले. त्या मला रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं ऐकून तो खोल बाजूला उभा राहिला — बाकी सगळे उथळात —

२५ सप्टेंबर

बदलीचा अर्ज दिला. रंगुबाईंना सांगितलं नाही. बाबा फोनवर म्हणतात, लगेच निघून ये. त्या एकट्या असतात दिवसभर. जेवत नाहीत. कशी निघू —

२७ सप्टेंबर

पाऊस. इथे असा कधी बघितला नाही म्हणतात सगळे. तळं काठोकाठ. अर्जुना मेंढरं घेऊन टेकडीवर गेला. मी त्याला विचारलं, सांडव्यावरून पाणी गेलं की कुठे जातं.

ओढ्यात, म्हणाला. ओढा गावातनं जातो.

२८ सप्टेंबर

सांडवा सकाळपासून वाहतोय. ओढ्याने पात्र सोडलं. गल्लीत पाणी. लोक शाळेत गेले, शाळा उंचावर आहे. मी रंगुबाईंना दार उघडू दिलं नाही. खाटेवर बसून आहोत —

दुपार. मागची भिंत खचली. मातीची आहे, दुसरीही फुगली आहे. इथे थांबता येणार नाही. शाळेच्या ओट्यावरून लोक हाका मारताहेत, या, या. दोरी टाकायला कुणी येतो का विचारलं. एवढ्याशा पाण्यात दोरी कशाला म्हणतात.

अंगण गढूळ झालंय. काडीकचरा सगळा उजवीकडे वाहतोय. गोठ्याजवळ पाण्यावर एक रेघ आहे, ती डावीकडे चालली आहे. थांबली. पुन्हा —

रंगुबाईंनी लुगडं खोचलं. म्हणतात, "गुडघाभर तर हाय, पोरी. चल."

त्या उतरल्या. मी नको म्हणतेय. त्यांनी वळून हात पुढे केलाय. मुशीला गुडघाभर पाणी पुरतं, हे त्यांना मी कधी —