पाचशे मास्क, सीलबंद

३ जानेवारी
फ्लूची साथ आली तर पोलीस ठाणं कसं चालवायचं, याचा प्लॅन करायला मोठ्या साहेबांनी मलाच नेमलं. नोडल अधिकारी! २४ तारखेला ते स्वतः ड्रिल बघायला येणार. प्रशस्तिपत्रक नक्की. हॉलमध्ये खिळा आजच ठोकला. बायको म्हणाली, भिंतीला उगाच भोक पाडलंत.

५ जानेवारी
प्लॅन तयार. अर्धा स्टाफ आजारी पडल्यास कंट्रोल रूम : मी. गाड्या : मी. बंदोबस्त : मी. हवालदार धोंडीरामांनी विचारलं, साहेब, तुम्हीच आडवे झाले मंग? या माणसाला मोठा विचार जमत नाही.

९ जानेवारी
पाचशे मास्क आले. स्टाफ घरी नेईल म्हणून मुद्देमाल खोलीत ठेवायला सांगितले. चोरीचा माल तिथे वर्षानुवर्षं सुरक्षित असतो.

१२ जानेवारी
स्टाफला फ्लूची लस. मी रांगेत शेवटी. नंबर आला आणि गंगापूर रोडचा एक अत्यंत महत्त्वाचा राउंड आठवला. शिपाई शहनाज म्हणाली, साहेब, मुंगी चावल्यासारखं होतं, हात धरू का? भीतीचा प्रश्नच नव्हता. उद्या घेतो.

१३ जानेवारी
लस उद्या.

१६ जानेवारी
तालमीसाठी मास्क मागितले. धोंडीरामांनी रीतसर नोंद करून, दोन पंचांच्या सह्या घेऊन लाखेचं सील मारलंय. आता म्हणे कोर्टाच्या हुकमाशिवाय फोडता येत नाही. गुन्हा कोणता, असं मी ओरडलो. म्हणाले, तो रकाना तुमच्यासाठी कोरा सोडलाय साहेब.

शहनाजचे निसारमामू शिलाईकाम करतात. कापडी मास्क शिवून आणू का, म्हणाली. प्लॅनमध्ये मामू बसत नाहीत. नाही म्हटलं.

२२ जानेवारी, सकाळी
शिंका. साधी सर्दी आहे. नोडल अधिकाऱ्याला कळतं.

संध्याकाळी
१०३. थर्मामीटर बिघडलंय.

२३ जानेवारी
शेजाऱ्यांचंही थर्मामीटर बिघडलंय. तरी उद्या जाणारच.

२४ जानेवारी
बायकोने युनिफॉर्मची पँट भिजत घातली. रडू आलं. खरंच आलं.

२५ जानेवारी
शहनाजचा फोन. ड्रिल झक्कास झालं म्हणे. मामूंचे मास्क सगळ्यांनी लावले. कंट्रोल रूम तिने सांभाळली, गाड्या धोंडीरामांनी. प्रमुख अधिकारीच आजारी पडला तर ठाणं कसं चालतं, हे इतकं हुबेहूब दाखवणारं ड्रिल मोठ्या साहेबांनी आजवर पाहिलं नव्हतं. कल्पना कोणाची, असं त्यांनी विचारलं. पोरीने माझं नाव सांगितलं. गुणी आहे. आणि खरं सांगायचं तर कल्पना माझीच होती.

२९ जानेवारी
प्रशस्तिपत्रक शहनाजला. मला लेखी आदेश : मार्चच्या ड्रिललाही आपण अशीच मोलाची गैरहजेरी लावावी.

आदेशावर सही मोठ्या साहेबांची आहे, म्हणजे फ्रेम करायला हरकत नाही. पण खिळ्यावर बायकोने टॉवेल अडकवलाय. हलवू नका म्हणाली.