शेपूची भाजी, सव्वा महिन्यापुरती

प्रिय मामी,

आज आमच्या फ्रीजरचं दार लागेना, इतका भरलाय. बर्फाचे ट्रे बाहेर काढले, एक डबा आडवा केला, तेव्हा कुठं लागलं. वैशाली पलंगावरून बघत होती. म्हणाली, "आता आईला सांगा, तुमच्या लेकीची सोय झाली म्हणून." ती हसत म्हणाली, पण मला ते आत कुठंतरी लागलं. म्हणून लिहायला बसलो.

हो मामी, तुमच्या लेकीचा नववा सरत आलाय. दुसरं बाळ! डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय.

माहेरी धावड्याला पाठवावं, तर तिथं आता मामा एकटे. माझी आई तर लग्नाआधीच गेलेली. मंग बाळंतिणीचं कोण करणार? मीच! महिनाभर कामावरून आलो की थोडं थोडं करून ठेवतोय. मुगाचं वरण, मेथी, लसूण-खोबऱ्याचं वाटण, अर्धेकच्चे भाजलेले धपाटे. प्रत्येक पाकिटावर नाव, तारीख. वैशाली म्हणते, "अहो, हे जेवण हाय का बियाण्याची पाकिटं?" बियाण्याच्या गोदामात जन्म काढणाऱ्या माणसाला दुसरं काय येणार!

तुम्ही असतात तर फ्रीजरला हात लावू दिला नसता. "बाळंतिणीला थंड्यातलं? बिलकुल न्हाई!" थोरल्या ओवीच्या वेळी मस्तगडच्या या दोन खोल्यांत तुम्ही पहाटे उठायच्या. मी डबा घेऊन निघायच्या आत बाजरीची गरम भाकरी, शेपू, वरण, सगळं लेकीच्या ताटात. उरलेलं शिळं स्वतः खायच्या. "मला काय होतंय? मी काय बाळंतीण हाय?" मामी, तुम्ही गरम कधी जेवता, हे मी एकदाही कसं विचारलं नाही?

आणि मग तो विसावा दिवस.

गोदामात गाड्या भरून भरून अंग मोडलं होतं. जिना चढतानाच शेपूचा वास आला. आत येऊन वैशालीला म्हणालो, "रोज रोज शेपू! घराला वास, कपड्याला वास. कवा संपणार हे एकदाचं?" पडद्यापलीकडं तुम्ही ओवीच्या लंगोटांच्या घड्या करत बसल्या होत्या. मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची पिशवी भरलेली. "मिरची तोडायला आली, पाव्हणं. मजूर मिळंना. जाते मी." आणि मी शहाणा, तुम्हाला गावाकडच्या, भोकरदनच्या गाडीत बसवून आलो. सव्वा महिना व्हायला अजून कितीतरी दिवस होते. थांबा म्हणालो नाही. खरं सांगू? तेव्हा बरंच वाटलं.

पुढं वैशालीनं सांगितलं, मिरची तर आठ दिवस आधीच तोडून झाल्ती.

त्यानंतर दर सणाला धावड्याला आलो ते माफी मागायचं ठरवूनच. तुम्ही पाणी द्यायच्या, ओवीला कडेवर घ्यायच्या, निघताना ठेचा बांधून द्यायच्या. माझी जीभ उचलायची नाही. पुढच्या वेळी सांगू, म्हणायचो. आणि गेल्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मामी, तोंडावर का नाही बोललात? एकदा चांगला दम भरला असता तर!

मागच्या रविवारी शेपू केली, तर ती कडू झाली. दुसऱ्यांदा केली, तरी तेच. शेवटी मामांना फोन लावला. "फोनवर काय सांगू? येतो की," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शेपूच्या जुड्या घेऊन दारात! मामांना स्वैपाक येतो, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

"डाळ आधी भिजू द्या. लसूण हात राखून घालू नका." ते सांगत गेले, मी करत गेलो. कढईसमोर उभ्या उभ्या मी त्या दिवशीचं सगळं सांगून टाकलं. मामा भाजी हलवत राहिले.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "आल्ती त्या दिवशी लई रडली. दोन दिवस धड जेवली न्हाई."

माझी मान खाली गेली.

"मंग मीच चिडलो. म्हणलं, जावयाला फोन लावून विचारतो. तर माझ्यावरच उखडली. म्हणली, 'त्यायला आई न्हाई. बाळंतिणीचं घर कसं असतं, त्यायनं कुठं बघितलंय? तुम्ही एक शब्द बोलायचा न्हाई.'"

मी रडायलाच लागलो, मामी. बाप्यासारखा बाप्या, कढईसमोर! मामांनी गॅस बारीक केला. म्हणाले, "हलवा, करपंल."

अकरा डबे झाले. वैशालीनं चमचाभर चाखली. "आईसारखी न्हाई झाली," म्हणाली. मग म्हणाली, "पर जवळ हाय." आणि वाटी पुढं केली.

ओवी सारखी विचारते, आजी कशी होती? आजवर मी तिला गोड गोड तेवढंच सांगत आलो. पण तुम्हाला शब्द देतो मामी, ती आणि हे येणारं लेकरू मोठं झालं, की दोघांना समोर बसवून सगळं सांगीन. त्यांचा बाप आजीच्या शेपूला काय बोलला, तेही. आणि आजी गुपचूप गाडीत बसून गेली, बापाला मात्र कुणाला नावं ठेवू दिली नाहीत, तेही. माझ्याबद्दल त्यांना काय वाटायचं ते वाटो. त्यांना तुम्ही पुऱ्या कळायला पाहिजेत.

तुमचा जावई,
संतोष